मॉन्ट्रोजचे पुतळे आणि साताऱ्याचे गाऱ्हाणे

स्कॉटलंडच्या पूर्व किनाऱ्यावर मॉन्ट्रोज नावाचे एक गाव आहे. वस्ती सुमारे १२ हजारांची, म्हणजे आपल्याकडच्या एखाद्या लहान तालुक्याच्या गावाएवढी. एका बाजूला उत्तर समुद्र, दुसऱ्या बाजूला भरतीला तुडुंब भरणारी आणि ओहोटीला चिखल उघडा टाकणारी खाडी, आणि मध्ये हे गाव. गावातून जाणाऱ्या रुंद हमरस्त्याचे नाव हाय स्ट्रीट. या रस्त्यावर १८५९ सालापासून एक पुतळा उभा आहे. पुतळा आहे जोसेफ ह्यूम यांचा.

ह्यूम हे आडनाव आपल्याला परके नाही. काँग्रेसची स्थापना कोणी केली, या प्रश्नाचे ‘ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम’ हे उत्तर शाळेत असताना आपण सर्वांनीच लिहिले आहे. जोसेफ हे त्यांचे वडील. पण वडिलांचाही महाराष्ट्राशी एक संबंध आहे, आणि तो मुलाच्या संबंधापेक्षा अधिक गुंतागुंतीचा आहे. मराठ्यांविरुद्धच्या युद्धात पैसा मिळवणारा आणि पुढे मराठ्यांच्याच छत्रपतींसाठी ब्रिटिश पार्लमेंटमध्ये भांडणारा हा माणूस होता.

आज या गोष्टीची आठवण काढण्याचे कारण आहे. ७ जून २०२० रोजी ब्रिस्टल शहरात जमावाने गुलामांचा व्यापारी एडवर्ड कोल्स्टन याचा पुतळा पाडून बंदरात ढकलला आणि ब्रिटनभर पुतळ्यांचा वाद पेटला. एडिंबरोत हेन्री डंडास यांचा पुतळा एका उंच स्तंभावर आहे. गुलामांच्या व्यापारावरील बंदी लांबवण्यात त्यांचा हात होता, असे सांगणारा फलक तेथे लावला गेला. पुढे तो काढून टाकला गेला आणि नंतर पुन्हा बसवला गेला. आपल्याकडेही रस्त्यांची आणि शहरांची नावे बदलण्याचे वाद काही नवे नाहीत. मोठ्या शहरांतल्या या वादांत आवाज फार असतो. प्रश्न नीट समजून घ्यायचा तर एखादे लहान गाव बरे.

शिडी कोठे टेकली होती?

मॉन्ट्रोजच्या नामवंतांची यादी गावाच्या मानाने बरीच लांब आहे. वनस्पतिशास्त्रज्ञ रॉबर्ट ब्राऊन यांचा जन्म येथे १७७३ साली झाला. १८२७ साली सूक्ष्मदर्शकाखाली पाहताना पाण्यातल्या परागातील बारीक कण अखंड थरथरत असल्याचे त्यांनी टिपले. भौतिकशास्त्रात ही हालचाल आजही ‘ब्राऊनियन गती’ म्हणून शिकवली जाते. शिल्पकार विल्यम लँब याच गावचे. पहिल्या महायुद्धात त्यांचा उजवा हात निकामी झाला, तेव्हा त्यांनी डाव्या हाताने पुन्हा पहिल्यापासून शिल्पकला शिकून घेतली. स्कॉटिश भाषेला नव्याने उभे करणारे कवी ह्यू मॅकडिअर्मिड १९२० च्या दशकात येथे राहात, स्थानिक वृत्तपत्रात बातमीदारी करीत आणि नगर परिषदेतही बसत.

गावात एका कुत्र्याचाही पुतळा आहे. दुसऱ्या महायुद्धात नॉर्वेच्या एका जहाजावर असलेला ‘बाम्से’ हा सेंट बर्नार्ड जातीचा अवाढव्य कुत्रा १९४४ साली येथे मेला. त्याचा पुतळा २००६ साली बसवला गेला. त्यावर कोणाचा वाद नाही. माणसांच्या पुतळ्यांचे मात्र तसे नसते.

ह्यूम आणि बर्न्स या दोन घराण्यांकडे पाहिले म्हणजे हे ध्यानात येते. जोसेफ ह्यूम यांचा जन्म १७७७ सालचा. वडील गलबतावरचे कप्तान, ते लवकर वारले. आईने चिनीमातीच्या भांड्यांचे दुकान चालवून घर सांभाळले आणि मुलाला गावातल्या एका शल्यवैद्याच्या हाताखाली उमेदवारीला ठेवले. तेथून एडिंबरो, आणि एडिंबरोहून ईस्ट इंडिया कंपनीचा डॉक्टर म्हणून हिंदुस्थान. दुसरे इंग्रज-मराठे युद्ध तोंडावर आले तेव्हा दमटपणाने खराब झालेला बंदुकीच्या दारूचा मोठा साठा त्यांनी आपल्या रसायनशास्त्राच्या ज्ञानाने पुन्हा वापरता येईल असा करून दिला. त्यामुळे ते वरिष्ठांच्या नजरेत भरले. पुढे बुंदेलखंडच्या फौजेबरोबर ते वैद्य होते, दुभाषे होते आणि पगार वाटणारे अधिकारीही होते. १८०७ साली त्यांनी नोकरी सोडली, तेव्हा त्यांच्या गाठीला सुमारे ४० हजार पौंड होते. त्या काळी ही फार मोठी रक्कम होती. १८१२ साली त्यांनी पार्लमेंटची पहिली जागा रीतसर पैसे मोजून घेतली. तेव्हा तशी चाल होती.

याचा अर्थ असा, की भांडी विकणाऱ्या विधवेच्या मुलाला वर चढण्यासाठी जी शिडी मिळाली, तिचे वरचे टोक हिंदुस्थानच्या भिंतीला टेकलेले होते. स्कॉटलंडमधल्या अनेक गरीब, हुशार घरांची हीच गोष्ट आहे. वर ज्या डंडास यांचा उल्लेख आला, ते कंपनीच्या कारभारावर देखरेख करणाऱ्या मंडळाचे अध्यक्ष होते आणि हिंदुस्थानातल्या नोकऱ्या स्कॉटिश घरांत वाटण्याबद्दल त्यांची ख्याती होती. ह्यूम स्वतः वर गेले तशी त्यांनी गावच्या इतर मुलांनाही वाट करून दिली. बर्न्स बंधू जेम्स आणि अलेक्झांडर हे त्यांच्याच शिफारशीने कंपनीच्या नोकरीत शिरले आणि १८२१ साली मुंबईत उतरले.

काबूलचे कात्री लागलेले कागद

अलेक्झांडर बर्न्स तेव्हा सोळा वर्षांचा होता. कवी रॉबर्ट बर्न्स याच्या नात्यातला हा मुलगा मुंबईच्या लष्करात दाखल झाला. थोड्याच काळात तो हिंदुस्थानी व फारसी सफाईने बोलू लागला. १८३१ साली रणजितसिंहांना इंग्लंडच्या राजाकडून भेट म्हणून पाठवलेले घोडे घेऊन तो सिंधू नदीतून वर गेला. घोडे हे निमित्त होते. नदीची मोजणी हा खरा हेतू होता. पुढच्या वर्षी तो बुखाऱ्यापर्यंत पोहोचला. त्या प्रवासावरचे पुस्तक १८३४ साली निघाले आणि मॉन्ट्रोजचा हा तरुण लंडनमध्ये प्रसिद्ध झाला.

यानंतरचा भाग आजही विचार करण्यासारखा आहे. बर्न्स यांनी काबूलमध्ये राहून सरकारला कळवले, की दोस्त महंमद हा कर्ता राज्यकर्ता आहे, त्याच्याशी मैत्री ठेवावी. गव्हर्नर जनरल ऑकलंड यांनी नेमके उलट केले. पदच्युत शहा शुजाला गादीवर बसवण्यासाठी त्यांनी फौज धाडली. १८३९ साली पार्लमेंटपुढे कागदपत्रे ठेवली गेली, त्यांत बर्न्स यांच्या पत्रांना कात्री लावली होती. जणू त्यांचाही या धोरणाला पाठिंबाच होता. पूर्ण कागद छापले जायला १८५९ साल उजाडले.

तोवर बर्न्स राहिले नव्हते. जे धोरण चुकीचे आहे असे त्यांनी लिहून दिले होते, त्याच धोरणाच्या चाकरीत ते ‘सर’ ही पदवी घेऊन काबूलला गेले आणि २ नोव्हेंबर १८४१ रोजी धाकटा भाऊ चार्ल्स याच्यासह जमावाकडून मारले गेले. दोन महिन्यांनी काबूलहून माघारी निघालेल्या सुमारे १६ हजार माणसांपैकी बहुतेक हिंदी होती. शिपाई, नोकर, बायका, मुले. बर्फात आणि गोळीबारात त्यांतली बहुतेक संपली. त्यांची नावे कोणत्याही गावाच्या नामवंतांच्या यादीत नाहीत.

छत्रपतींचा वकील आणि मॉन्ट्रोजचा खासदार

आता साताऱ्याकडे वळू. १८१८ साली पेशवाई बुडाल्यावर इंग्रजांनी प्रतापसिंह छत्रपतींना साताऱ्याच्या गादीवर बसवले. त्यांच्या कारभाराची घडी बसवून देणारे पहिले रेसिडेंट जेम्स ग्रँट डफ, म्हणजे मराठ्यांचा इतिहास लिहिणारे ते डफ, हेही स्कॉटलंडच्याच बॅन्फ या किनाऱ्यावरच्या लहान गावात जन्मलेले. पुढे मुंबई सरकारने महाराजांवर कटाचे आरोप ठेवले. गोव्याच्या पोर्तुगीजांशी संधान बांधले, फौजेतल्या देशी अधिकाऱ्यांना फितवले, असे ते आरोप होते. कबुली लिहून द्या, गादी राहील, असे गव्हर्नर कार्नाक यांनी सुचवले. प्रतापसिंहांनी सही करायला साफ नकार दिला. सप्टेंबर १८३९ मध्ये त्यांना पदच्युत करून बनारसला धाडण्यात आले.

त्यांचे वकील रंगो बापूजी लंडनला गेले आणि १८४० ते १८५३ अशी कित्येक वर्षे तेथे धन्याची बाजू मांडीत राहिले. परका मुलुख, परकी भाषा आणि पैशाची ओढाताण. या काळात जे थोडे इंग्रज राजकारणी त्यांच्या बाजूने उभे राहिले, त्यांत जोसेफ ह्यूम होते. १८४२ पासून ते मॉन्ट्रोजचे खासदार होते. त्यांनी कॉमन्स सभेत साताऱ्याचा प्रश्न पुन्हा पुन्हा काढला. महाराजांना आरोप नीट न दाखवता, त्यांचे म्हणणे न ऐकता शिक्षा झाली, हा त्यांचा मुख्य मुद्दा होता. सरकारी खर्चाचा पैन् पै हिशेब मागणारा, कामगारांच्या संघटनांवरची बंदी १८२४ साली उठवणाऱ्यांतला आणि लष्करातल्या फटक्यांच्या शिक्षेविरुद्ध भांडणारा हा माणूस. १८३१ साली तर हिंदुस्थानला पार्लमेंटमध्ये प्रतिनिधी द्यावेत अशी सूचनाही त्याने मांडली होती. ती फेटाळली गेली. साताऱ्याच्या बाबतीतही तेच झाले. १८४७ साली प्रतापसिंह बनारसला वारले आणि १८४८ साली डलहौसीने सातारा खालसा केले.

मग ह्यूम यांचे काय करायचे? मराठ्यांविरुद्धच्या युद्धातली कमाई खरी, आणि मराठ्यांच्या छत्रपतींसाठी केलेली वकिलीही खरी. एकीने दुसरी पुसली जात नाही. किंबहुना त्या कमाईनेच त्यांना पार्लमेंटचे दार उघडून दिले होते.

मुलाची गोष्टही याच वळणाची आहे. ॲलन ह्यूम १८४९ साली हिंदुस्थानात आले. मिठावरचा कर चुकू नये म्हणून देशभर वाढवलेल्या काटेरी कुंपणाचा कारभार काही वर्षे त्यांच्याकडे होता. पक्ष्यांचे सुमारे ८२ हजार नमुने त्यांनी गोळा केले. आणि निवृत्त झाल्यावर त्यांच्याच खटपटीने २८ डिसेंबर १८८५ रोजी मुंबईच्या गोकुळदास तेजपाल संस्कृत पाठशाळेत काँग्रेसचे पहिले अधिवेशन भरले. ते व्हायचे होते पुण्यात, पण तेथे पटकीची साथ आली. असंतोषाची वाफ बाहेर सोडण्यासाठी ह्यूम यांनी ही संस्था काढली, असा आक्षेप लाला लजपतराय यांनी घेतला. तर संस्थापक इंग्रज अधिकारी नसता तर सरकारने ती उभीच राहू दिली नसती, असे गोखल्यांचे मत होते. दोन्ही मतांत तथ्य आहे.

फलकावर काय लिहायचे?

स्कॉटलंडमध्ये आज दोन सोयीस्कर कथा चालतात. एक जुनी: आमच्या गावच्या पोरांनी जग घडवले. दुसरी नवी: साम्राज्य लंडनचे, आम्ही तर स्वतःच दबलेले. सप्टेंबर २०१४ मध्ये स्वातंत्र्यावर सार्वमत झाले, तेव्हा सुमारे ५५ टक्क्यांनी विरोधात कौल दिला. पण तो प्रश्न संपलेला नाही, आणि दुसऱ्या कथेला त्यामुळे जोर मिळतो. मॉन्ट्रोजची यादी या दोन्ही कथांना पुरी पडत नाही. अठराव्या शतकात या बंदरातून गुलामांच्या व्यापारासाठीही जहाजे सुटली होती. साम्राज्याचा फायदा अशा लहान गावांपर्यंत पोहोचला होता. आणि साम्राज्याला टोचणारे प्रश्न विचारणारी काही माणसेही अशाच गावांतून आली.

आपली सोयीची कथाही तपासून पाहायला हवी. आपण ह्यूम यांना एका ओळीत संपवतो, आणि रंगो बापूजींना तर तीही ओळ मिळत नाही. लंडनच्या थंडीत तेरा वर्षे खेटे घालणारा हा वकील आणि त्याच्यासाठी सभागृहात उभा राहणारा खासदार, यांची गोष्ट साताऱ्याच्या किती मुलांना ठाऊक असेल?

पुतळा पाडला की प्रश्न विचारण्याचे निमित्तही जाते, आणि नुसता ठेवला की प्रश्न कोणी विचारीतच नाही. एडिंबरोतल्या फलकाचा मार्ग म्हणूनच शहाणपणाचा वाटतो, त्यावर कितीही भांडणे झाली तरी. हाय स्ट्रीटवरच्या पुतळ्याखाली दोन ओळी पुरेत: या माणसाने मराठ्यांविरुद्धच्या युद्धात संपत्ती मिळवली, याच माणसाने साताऱ्याच्या महाराजांना न्याय मिळावा म्हणून पार्लमेंटमध्ये आवाज उठवला. साताऱ्यातही रंगो बापूजींच्या नावाशेजारी ह्यूम यांचा उल्लेख करायला हरकत नसावी.

मॉन्ट्रोजचा समुद्र आता गावाच्या किनाऱ्यावरच्या वाळूच्या टेकड्या खात पुढे सरकतो आहे. १५६२ सालापासून जेथे गोल्फ खेळले जाते, त्या मैदानाची कड त्याने कुरतडली आहे. त्याच समुद्रात दूरवर ११४ पवनचक्क्या फिरतात आणि त्यांची देखभाल मॉन्ट्रोजच्या बंदरातून होते. गावातल्या तरुणांना आता नशीब काढायला मुंबईचे जहाज पकडावे लागत नाही. हे चांगलेच झाले. मात्र पूर्वी जी जहाजे गेली, ती काय घेऊन गेली आणि काय घेऊन परतली, याचा हिशेब अजून त्यांच्याकडे पुरा मांडलेला नाही, आणि आपल्याकडेही नाही. पै-पैचा हिशेब मागणाऱ्या जोसेफ ह्यूम यांच्या गावाने तरी तो टाळू नये.