डाग जावा, पण कापड राहावे

1994 साली युनिलिव्हर कंपनीने ब्रिटनमध्ये ‘पर्सिल पॉवर’ ही धुलाईची पावडर आणली. पेरॉक्साइडच्या ऑक्सिडीकरणाने डाग निघतो, पण त्याला पाणी चांगले गरम लागते. पावडरीतल्या मँगनीजच्या उत्प्रेरकामुळे तेच काम कोमट पाण्यात होऊ लागले. संशोधन अस्सल होते. त्याच वर्षी ‘नेचर’मध्ये छापूनही आले. मात्र डाग कोणता आणि सूत कोणते, याची पारख उत्प्रेरकाला नसते. काही रंगांचे सुती कपडे धुण्यागणिक विरू लागले. प्रतिस्पर्धी प्रॉक्टर अँड गॅम्बलने फाटक्या कपड्यांची छायाचित्रेच जाहीर केली आणि 1995मध्ये पावडर मागे घ्यावी लागली.

कापडवाल्यांना यात नवल नाही. पेरॉक्साइडने ब्लीच करताना कापडावर लोखंडाच्या गंजाचा कण राहिला, तर तोही उत्प्रेरक ठरतो आणि नेमके तिथेच भोक पडते. म्हणून व्यापारी बांधवांनो, माल घेताना नुसत्या सफेदीवर भाळू नका, मजबुतीही तपासा. संशोधकांनाही नम्र विनंती आहे: उत्प्रेरक किती झपाट्याने काम करतो हे जरूर सांगा, पण वीस-पंचवीस धुण्यांनंतर कापडाचे काय होते, तेही आधीच पाहा. गिऱ्हाइकाचा सदरा म्हणजे प्रयोगशाळा नव्हे.