अमेरिकेचं फ्लोराइड राहू द्या, आपल्या बोरिंगचं बोला

आपल्या ग्रुपांवर सध्या एक मेसेज जोरात फिरतोय. अमेरिकेने म्हणे पाण्यातलं फ्लोराइड बंद केलं, मग आपलं सरकार आपल्याला हे विष का पाजतंय? खाली लगेच दोन तट पडले. एक म्हणतो टूथपेस्ट फेका, कडुनिंबाची काडी घ्या. दुसरा म्हणतो फ्लोराइडने दात मजबूत होतात, अडाण्यासारखं बोलू नका. दोन्हीकडे शिकलेली माणसं. यातल्या एकालाही विचारा, तुझ्या गावच्या बोरिंगमध्ये फ्लोराइड किती आहे? उत्तर नाही.

आधी मेसेजचा निकाल लावू. आपल्याकडे नळाच्या पाण्यात कोणीही फ्लोराइड टाकत नाही. नगरपालिका नाही, ग्रामपंचायत नाही. टाकतात ते टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर. तिचा फ्लोराइडशी काही संबंध नाही.

अमेरिकेची गोष्ट वेगळी आहे. तिथे १९४५ साली मिशिगनमधल्या ग्रँड रॅपिड्स शहराने दात किडू नयेत म्हणून पाण्यात मोजून फ्लोराइड टाकायला सुरुवात केली. पुढे देशभर ते पसरलं. आता २०२५ मध्ये युटा आणि मग फ्लोरिडा या राज्यांनी ते बंद केलं. उलट कॅनडातल्या कॅलगरी शहराने २०११ मध्ये बंद केलं होतं, तिथे लोकांनी २०२१ मध्ये मतदान करून परत सुरू करायला लावलं. म्हणजे वाद खरा आहे, पण तो टाकायचं की नाही याचा आहे. आपला प्रश्न नेमका उलटा. आपल्याकडे ते जमिनीच्या पोटातूनच येतं, आणि काढायचं कोणी, यावर कोणी बोलत नाही.

पांढरकवडा, झरी, मारेगाव, तिकडे राजुरा, कोरपना, खाली किनवट. या पट्ट्यात हे नवीन नाही. भारतात फ्लोरोसिसची नोंद १९३७ मध्येच तेव्हाच्या मद्रास इलाख्यात झाली. आपण विहिरी सोडून खोल खोल बोअर मारत गेलो आणि खडकातलं फ्लोराइड वर काढून प्यायला लागलो. या पाण्याला वास नाही, रंग नाही, चव नाही. उकळलं तर फ्लोराइड जात नाही, उलट पाणी आटून प्रमाण वाढतं. गाळलं तर जात नाही. तुरटी नुसती फिरवून जात नाही.

याचा पहिला पुरावा मुलांच्या तोंडात दिसतो. दातांवर पांढरे, पिवळे, मग तपकिरी पट्टे. आणि आपण काय म्हणतो? खर्रा खात असेल! आठ वर्षांच्या पोरीला खर्रा खाणारी ठरवतो. खरं म्हणजे पक्क्या दातांचा थर हिरडीच्या आत साधारण आठव्या वर्षापर्यंत बनतो. त्या वयात जे पाणी प्यायलं ते दातावर कायमचं लिहिलं जातं, घासून जात नाही. पुढे वर्षानुवर्षं तेच पाणी पोटात गेलं की कंबर धरते, गुडघे आखडतात, मान वळत नाही. वाकलेलं हाड सरळ करणारं औषध नाही. उपाय एकच, पाणी बदलणं.

आता जरा हिशेब करा. अमेरिकेत ज्या प्रमाणावर भांडण चाललंय ते आहे लिटरला ०.७ मिलिग्रॅम. आपल्या आयएस १०५०० या मानकात मर्यादा १ मिलिग्रॅम, आणि दुसरा स्रोतच नसेल तर १.५ पर्यंत चालवून घ्यायचं. अमेरिकन माणूस दिवसाला दोन लिटर पाणी प्यायला तर पोटात गेलं १.४ मिलिग्रॅम. मे महिन्यात आपल्याकडे रोजगार हमीच्या कामावरची बाई पाच लिटर पिते. पाणी १.५ चं असेल तर साडेसात मिलिग्रॅम. पाचपटीहून जास्त! आणि हे नियमात बसणारं पाणी, बरं का. अमेरिकेने १९६२ मध्ये प्रमाण ठरवताना हवामान पाहिलं होतं. गरम भागात माणूस जास्त पाणी पितो म्हणून तिथे कमी फ्लोराइड. आपल्या ४५ डिग्रीच्या पट्ट्याला मात्र देशभराचाच आकडा लावायचा.

मेसेजवाले ज्या अमेरिकन अहवालाचा दाखला देतात तोही पुरता वाचा. तिथल्या नॅशनल टॉक्सिकॉलॉजी प्रोग्रामचा तो अहवाल २०२४ चा आहे. त्यात म्हटलंय की १.५ च्या वरच्या फ्लोराइडचा मुलांच्या कमी बुद्ध्यांकाशी संबंध दिसतो. ०.७ बद्दल निष्कर्ष काढण्याइतकी माहिती नाही, असंही त्यातच आहे. हा निष्कर्ष मुख्यतः अमेरिकेबाहेरच्या अभ्यासांवर उभा आहे. चीन, इराण, पाकिस्तान, आणि भारत. म्हणजे मुलं आपल्यासारख्यांची, अभ्यास आपल्यासारख्यांचा, आणि त्यावरून खडाजंगी अमेरिकेत. आपण काय करतो? फॉरवर्ड.

अधिकाऱ्यांना विचारलं की ठरलेली उत्तरं मिळतात.

पहिलं उत्तर, गावाला हिरवं कार्ड आहे. अहो, ते कार्ड स्रोताभोवतीची स्वच्छता, गळती, टीसीएलचा वापर पाहून मिळतं. गॅस्ट्रोची साथ येऊ नये म्हणून ते आहे आणि त्यासाठी चांगलंच आहे. पण हिरव्या कार्डाच्या गावात फ्लोराइडचं बोरिंग असू शकतं. कार्ड दाखवून फ्लोराइडचं उत्तर देणं म्हणजे ताप मोजून हाड मोडलं नाही असं सांगणं.

दुसरं उत्तर, घरोघरी नळ दिला. दिला, मान्य. डोक्यावरचा हंडा उतरला, हे मोठं काम झालं. पण टाकीत पाणी कुठून चढतं? त्याच बोअरमधून चढत असेल तर तोटी बदलली, पाणी तेच राहिलं.

तिसरं उत्तर, आरओ प्लांट बसवला. फीत कापतानाचे फोटो आम्हीच छापले. पण मेम्ब्रेन बदलायचे पैसे कोणाच्या खात्यातून, विजेचं बिल कोण भरणार, बाहेर पडणारं जादा फ्लोराइडचं पाणी कुठे सोडणार, हे लिहून ठेवलं नसेल तर प्लांट बंद पडायला एक मोटार जळणं पुरतं. मग त्याला कुलूप, आणि आत पोती.

चौथं उत्तर सगळ्यात चीड आणणारं. लोकच ते पाणी पीत नाहीत, म्हणे. पाच रुपयांची कॅन रोज घेणं ज्याला जमत नाही तो फुकटच्या बोरिंगवर जाणारच. आणि त्या बोरिंगवर काय लिहिलंय? आमदार निधीतून, अमुक साल. पाण्यात काय आहे ते लिहिलेलं नाही. माणसाने ओळखायचं कसं?

तंत्र नाही असंही नाही. तुरटी आणि चुना योग्य मात्रेत वापरून फ्लोराइड काढायची नालगोंडा पद्धत आपल्या नागपूरच्या नीरीने सत्तरच्या दशकातच बसवली. नाव मिळालं शेजारच्या तेलंगणातल्या जिल्ह्याचं. त्या जिल्ह्याच्या लोकांनी काय केलं तेही सांगतो. १९९६ च्या लोकसभेला नालगोंड्यात ४८० उमेदवार उभे राहिले. बहुतेक साधे शेतकरी, पाण्याकडे देशाचं लक्ष जावं म्हणून. मतपत्रिकेचं पुस्तक झालं आणि मतदान पुढे ढकलावं लागलं. आपल्याकडे पाण्यावरून एक उमेदवार पडल्याचं मला आठवत नाही.

इतकं टोक गाठायची गरज नाही. येत्या ग्रामसभेत चार गोष्टी मागा आणि ठरावात लिहून घ्या:

१. पिण्याच्या प्रत्येक स्रोताची फ्लोराइड तपासणी. आकडा आणि तारीख त्याच बोरिंगवर, टाकीवर रंगवा. दीडच्या वर असेल तर लाल रंग आणि 'पिण्यासाठी नाही' हे शब्द.

२. सगळ्यात आधी अंगणवाडी आणि शाळा. तिथलं पाणी १ च्या आत हवंच. गावासाठी योजना येईल तेव्हा येईल, तोवर या दोन ठिकाणी टँकर द्या नाहीतर चांगल्या विहिरीचं पाणी आणा. मुलांची आठ वर्षं थांबत नाहीत.

३. प्लांट असेल तर देखभालीची रक्कम ग्रामपंचायतीच्या वार्षिक आराखड्यात. वित्त आयोगाच्या बंधित निधीत पिण्याच्या पाण्याचा वाटा असतो, तो नाली-पेव्हरकडे वळला का ते विचारा.

४. गावात पाणी तपासणीचं किट आहे का, त्यातलं रसायन मुदतीत आहे का, शेवटची तपासणी कधी झाली, हे सभेत वाचून दाखवा.

यात एकही मागणी आंदोलनाची नाही. एक डबा रंग, एक ब्रश आणि एक खरा आकडा, एवढ्यापासून सुरुवात होते.

टूथपेस्टवाल्या मित्रांना शेवटचं सांगतो. काडीने दात घासा, जरूर घासा. पण चूळ कुठल्या पाण्याने भरताय ते आधी तपासा. तो अमेरिकेचा मेसेज पुढे पाठवण्याआधी आपल्या बोरिंगचा आकडा मिळवा आणि इथे खाली कमेंटमध्ये गावाच्या नावासह टाका. ज्या गावाचा आकडा मिळत नाही, त्या गावाचं नावही टाका. तीच आपली पहिली यादी.