चार दिवसांचा विसावा



गेल्या महिन्यात एक माहितीपुस्तिका मराठीत आणण्यासाठी माझ्या टेबलावर आली. तिच्यातील 'रेस्पाइट केअर' या शब्दापाशी लेखणी अडखळली. 'सुटी' म्हणावे, तर काम टाळल्यासारखे वाटते. 'विश्रांती' म्हणावे, तर ती आजाऱ्याची वाटते. 'काळजीवाहू' हा शब्द तर आपण मावळत्या मंत्रिमंडळासाठीच राखून ठेवला आहे! शेवटी मी 'विसावा' असे लिहिले. विसावा म्हणजे वाटेत ओझे घटकाभर खाली ठेवणे. टाकून देणे नव्हे.

हा शब्द लिहिताना डोळ्यांपुढे माझी मावशी होती. ती जयपूरच्या जगतपुरा भागात राहते. एके काळी गावाबाहेरचे असलेले हे ठिकाण आता उंच इमारतींनी भरून गेले आहे. अशाच एका इमारतीत चौथ्या मजल्यावर मावशी आपल्या चोवीस वर्षांच्या मुलाला सांभाळते. त्याला जन्मापासून सेरेब्रल पाल्सी आहे. भरवणे, आंघोळ घालणे, रात्री दोनदा कूस बदलून देणे, सारे तिच्याच हातून होते. माझी आजी साताऱ्यास वारली, तेव्हा मावशीला आईचे अखेरचे दर्शन घडले नाही. मुलाला घेऊन एवढा प्रवास शक्य नव्हता, आणि त्याला ठेवायचे कोणापाशी? मी भेटीस गेले तेव्हा ती एवढेच म्हणाली, "अगं, मुलाचं ओझं नाही वाटत मला. पण मी आजारी पडले तर, या विचारानं झोप येत नाही."

मुलगा हे ओझे नव्हे. एकटीने जागे राहणे हे ओझे आहे. हा भेद आपण नीट ध्यानात घेतला पाहिजे.

शासनाने या प्रश्नाकडे पाहिलेच नाही, असे म्हणता येणार नाही. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अपंगत्व आणि बहुविकलांगता असलेल्यांसाठी १९९९ च्या कायद्याने राष्ट्रीय न्यास स्थापन झाला. त्याच्या 'समर्थ' योजनेत अशा व्यक्तीला काही काळ निवासी केंद्रात ठेवण्याची सोय कल्पिलेली आहे, आणि केंद्र चालवणाऱ्या नोंदणीकृत संस्थेस न्यास अनुदान देतो. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने एक पाऊल पुढे टाकले. विनामोबदला सेवा करणारे आईवडीलही त्यात 'काळजी घेणारे' म्हणून गणले गेले. ज्यांना मोठ्या आधाराची गरज आहे त्यांच्यासाठी काळजी-भत्त्याची तरतूदही झाली. मात्र ती शासनाच्या आर्थिक कुवतीच्या मर्यादेत. केरळ राज्य 'आश्वासकिरणम्' योजनेतून अंथरुणास खिळलेल्यांची सेवा करणाऱ्यास मासिक साहाय्य देते. खुद्द राजस्थानात २००५ पासून 'पालनहार' योजना आहे. अनाथ मुलाला अनाथाश्रमात धाडण्यापेक्षा आजी, मामा, काकू यांनी घरी वाढवावे, म्हणून त्यांना दरमहा रक्कम मिळते. घरातील सेवेलाही खर्च येतो, हे या योजनांनी मान्य केले.

परंतु पैशाने औषध येते, झोप येत नाही. मावशीला हवी आहे ती चार दिवसांसाठी एक खाट आणि एक जाणता हात. तिने एका संस्थेत चौकशी केली, तेव्हा कायम राहणाऱ्यांनीच सर्व जागा भरल्याचे उत्तर मिळाले. त्यात त्या संस्थेचा दोष नाही. ज्याला कोणीच नाही त्याला बाहेर कसे काढावे? 'समर्थ' ही योजना पुढे प्रौढांच्या कायम निवासाच्या 'घरौंदा' योजनेशी जोडण्यात आली. दोन्ही गरजा खऱ्या आहेत. पण एकाच छपराखाली आल्या की कायमची गरज तात्पुरत्या गरजेची जागा घेते. म्हणून प्रत्येक केंद्रात काही खाटा केवळ अल्प मुक्कामासाठी राखाव्यात आणि त्या रिकाम्या असतानाही त्यांचे अनुदान चालू राहावे, असे मला वाटते. अग्निशामक बंब आग नसतानाही आपण पोसतोच ना?

जर्मनीत १९९५ पासून शुश्रूषा-विमा आहे. घरचा माणूस आजारी पडला किंवा गावी गेला, तर ठरावीक मर्यादेपर्यंत बदली माणसाचा खर्च त्यातून मिळतो. अमेरिकेने २००६ साली यासाठी स्वतंत्र कायदा केला. ही उधळपट्टी नव्हे, साधा हिशेब आहे. मावशीची पाठ मोडली, तर एकाऐवजी दोघांची सोय करावी लागेल.

आपल्या घरी असे कोणी असेल, तर तीन गोष्टी आजच कराव्यात. दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र काढून ठेवावे. न्यासाच्या 'निरामय' आरोग्यविम्यात नाव नोंदवावे. त्यात एक लाख रुपयांपर्यंत संरक्षण आहे. आणि मूल अठरा वर्षांचे झाल्यावर जिल्हाधिकाऱ्यांच्या स्थानिक स्तर समितीकडे कायदेशीर पालकत्वासाठी अर्ज करावा. तेथेच विसाव्याच्या केंद्राचीही चौकशी करावी. मागणी नोंदली गेली नाही, तर गरज नाही असेच समजले जाते.

आणि ज्यांच्या घरी असे कोणी नाही, त्यांनी शेजारी पाहावे. "काही लागले तर सांगा" असे म्हणू नये. ते कोणी सांगत नाही. "रविवारी चार ते सात मी बसतो, तुम्ही जाऊन या" असे म्हणावे. जगतपुऱ्याहून निघण्याच्या आदल्या दुपारी मी मावसभावापाशी बसले. मावशी बाजारात जाईल असे वाटले होते. ती आतल्या खोलीत जाऊन तीन तास झोपली.