कार्ब्युरेटर गेला, पेच कायम

सिग्नलला मोटारसायकल थांबताच इंजिन गचके देते आणि बंद पडते. हिवाळ्यात सकाळी पारा दहा अंशांखाली उतरणाऱ्या नाशिकमध्ये ही तक्रार गॅरेजवाल्यांच्या नित्य परिचयाची आहे. कार्ब्युरेटरचा पेच फिरवून ‘स्लो’ वाढविणे, हा त्यावरचा रूढ इलाज. मात्र, तो बहुधा रोगावर नसून लक्षणावर असतो. गाडी बंद पडत नाही. पण पेट्रोल अधिक जळते आणि मूळ दोष तसाच राहतो.

वास्तविक, या दोषाचे निदान फारसे अवघड नाही. शंभर ते दीडशे सीसीच्या बहुतेक गाड्यांचे तापलेले इंजिन थ्रॉटल सोडल्यावर मिनिटाला साधारण १२०० ते १५०० फेरे घेते. त्या वेळी पेट्रोल येते ते पायलट जेटच्या अतिसूक्ष्म छिद्रातून. तेथे कचरा अडकला, की चोक ओढल्याशिवाय इंजिन टिकत नाही. कार्ब्युरेटर आणि इंजिन यांना जोडणाऱ्या रबराला चीर गेली, तर जादा हवा आत शिरते व वाढलेली रेस लवकर उतरत नाही. हँडल वळविताच रेस वाढत असेल, तर केबल ताणलेली असते. प्लगवर काजळी दिसल्यास एअर फिल्टर तुंबल्याची शक्यता तपासावी लागते. हे सारे पाहून झाल्यावर, इंजिन गरम असताना, अखेरीस पेचाला हात लावायचा असतो.

ही पद्धत पिढ्यान् पिढ्या चालत आली. दोन धोरणात्मक बदलांनी मात्र तिच्यासमोर आव्हान उभे केले आहे. १ एप्रिल २०२० पासून ‘बीएस-६’ मानके लागू झाली आणि बहुतेक नव्या मोटारसायकलींत कार्ब्युरेटरची जागा फ्युएल इंजेक्शनने घेतली. आता ‘स्लो’ ठरवितो तो संगणक. थ्रॉटल बॉडीत साचलेला कार्बन, बिघडलेला सेन्सर किंवा अशक्त बॅटरी यांपैकी नेमका दोष ओळखण्यासाठी स्क्रू-ड्रायव्हर पुरत नाही, स्कॅनर लागतो.

दुसरा बदल इंधनातला. वीस टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलची विक्री फेब्रुवारी २०२३ मध्ये सुरू झाली. इथेनॉलमध्ये ऑक्सिजन असल्याने जुन्या कार्ब्युरेटरमधील मिश्रण पातळ होते. शिवाय ते ओलावाही शोषते. अशा जुन्या दुचाकींची इंधन कार्यक्षमता तीन ते चार टक्क्यांनी घटेल, असा अंदाज नीती आयोगाच्या २०२१ च्या आराखड्यातच होता. म्हणजे जुन्या गाडीला नवे इंधन मिळाले आणि नव्या गाडीला जुने ज्ञान अपुरे पडू लागले.

या दोन्हींच्या कात्रीत सापडला आहे तो छोटा गॅरेजचालक. केंद्राने डिसेंबर २०२२ मध्ये ‘राइट टू रिपेअर’ पोर्टल सुरू केले. त्यात वाहन क्षेत्राचाही समावेश आहे. पण हा हक्क पोर्टलपुरता राहून चालणार नाही. कंपन्यांनी दोषसंकेत व दुरुस्ती पुस्तिका खुल्या कराव्यात, स्कॅनर परवडणाऱ्या दरात मिळावेत आणि आयटीआयमधून कार्यरत मेकॅनिकसाठी अल्पमुदतीचे वर्ग चालावेत. सातपूर-अंबडसारख्या औद्योगिक वसाहती असलेल्या, डिझेल इंजेक्टर घडविणाऱ्या शहरात हे अशक्य नाही. अन्यथा किरकोळ दोषासाठीही ग्राहकाला अधिकृत सर्व्हिस सेंटरची पायरी चढावी लागेल आणि कोपऱ्यावरचे गॅरेज हळूहळू बंद पडेल.