विश्लेषण : ‘तेजस’च्या विलंबावर हवाई दलप्रमुख उघडपणे का बोलले?

सरकारी कंपनीबद्दलची नाराजी सेनादलांचे प्रमुख सहसा बंद दाराआड मांडतात. हवाई दलप्रमुख एअर चीफ मार्शल अमर प्रीत सिंग यांनी २०२५ मध्ये हा संकेत मोडला. फेब्रुवारीत बंगळूरुच्या ‘एअरो इंडिया’ प्रदर्शनात त्यांनी हिंदुस्थान एरोनॉटिक्स लिमिटेडच्या (एचएएल) अधिकाऱ्यांना कंपनीवर भरवसा वाटत नसल्याचे सुनावले आणि त्याची चित्रफीत देशभर पसरली. मे महिन्यात दिल्लीतील उद्योजकांच्या परिषदेत, वेळेत पूर्ण झालेला एकही प्रकल्प आठवत नाही, असे ते जाहीरपणे म्हणाले. या रोखठोकपणामागे काय आहे?

सिंग यांची कारकीर्द कशी घडली?

पुण्याजवळील खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीचे विद्यार्थी असलेले सिंग डिसेंबर १९८४ मध्ये लढाऊ वैमानिक म्हणून हवाई दलात दाखल झाले. त्यांच्या नावावर ५ हजारांहून अधिक तासांचे उड्डाण आहे. त्यांची खरी ओळख मात्र चाचणी वैमानिकाची. नवे विमान कागदावर दाखवलेली कामगिरी आकाशात करते का, हे असे वैमानिक तपासतात. मॉस्कोत ‘मिग-२९’च्या आधुनिकीकरण प्रकल्पाच्या पथकाचे ते प्रमुख होते. पुढे राष्ट्रीय उड्डाण चाचणी केंद्रात ‘तेजस’च्या चाचण्यांची जबाबदारी त्यांच्याकडे होती. मध्य हवाई कमांडचे प्रमुख, फेब्रुवारी २०२३ पासून उपप्रमुख आणि ३० सप्टेंबर २०२४ पासून हवाई दलप्रमुख असा त्यांचा पुढील प्रवास. म्हणजेच ज्या विमानाच्या विलंबावर ते बोलतात, ते त्यांनी जवळून पाहिलेले आहे.

हवाई दलाची अडचण काय?

हवाई दलासाठी लढाऊ विमानांच्या ४२ तुकड्या मंजूर आहेत. एका तुकडीत साधारण १६ ते १८ विमाने असतात. १९६३ पासून सेवेत असलेली ‘मिग-२१’ विमाने २६ सप्टेंबर २०२५ रोजी चंडीगडमध्ये निवृत्त झाली आणि तुकड्यांची संख्या २९ वर आली. पाकिस्तान आणि चीन अशा दोन्ही सीमा सांभाळायच्या तर उरलेली विमाने आणि वैमानिक यांच्यावर ताण वाढतो.

‘तेजस’ कुठे अडकले?

‘तेजस मार्क १ए’ प्रकारच्या ८३ विमानांचा सुमारे ४८ हजार कोटी रुपयांचा करार फेब्रुवारी २०२१ मध्ये झाला. पुरवठा २०२४ च्या सुरुवातीला सुरू होणे अपेक्षित होते. पण अमेरिकेच्या जीई कंपनीकडून इंजिने उशिरा येऊ लागली आणि नव्या प्रणालींच्या चाचण्याही लांबल्या. त्यामुळे सगळा दोष एचएएलचाच, असे म्हणता येत नाही. हवाई दलाच्या बदलत्या मागण्यांनीही उशीर होतो, अशी टीका जुनीच आहे. तरीही सप्टेंबर २०२५ मध्ये आणखी ९७ विमानांचा ६२ हजार कोटींहून मोठा करार झाला. ऑक्टोबरमध्ये नाशिकच्या कारखान्यात तयार झालेल्या पहिल्या ‘मार्क १ए’ने उड्डाण केले. उत्पादनाचा वेग वाढवण्यासाठी बंगळूरुच्या जोडीला नाशिकची ही मालिका महत्त्वाची आहे.

दलप्रमुखांच्या हाती काय?

एचएएल संरक्षण उत्पादन विभागाच्या अखत्यारीत येते. हवाई दल तिचे ग्राहक आहे, मालक नव्हे. मागणी नोंदवणे, विमान तपासून स्वीकारणे किंवा नाकारणे, एवढेच दलप्रमुखांच्या अधिकारात येते. एकेकाळी दोन्ही बाजू पाहिलेला अधिकारी या पदावर होता. १९८४ मध्ये हवाई दलप्रमुख झालेले लक्ष्मण माधव कात्रे त्याआधी एचएएलचे अध्यक्ष होते.

कात्रे यांच्याच स्मृतिव्याख्यानात, ऑगस्ट २०२५ मध्ये, सिंग यांनी ‘ऑपरेशन सिंदूर’मध्ये पाकिस्तानची पाच लढाऊ विमाने आणि एक मोठे विमान पाडल्याचा दावा केला. पाकिस्तानने तो फेटाळला. ‘एस-४००’ प्रणालीचे त्यांनी विशेष कौतुक केले. मात्र जमिनीवरील क्षेपणास्त्रे विमानांची जागा पूर्णपणे घेऊ शकत नाहीत.

जाहीर नाराजीमुळे विलंबाचा प्रश्न चर्चेत आला आणि एचएएलवरचा दबाव वाढला. पण नेतृत्वाची खरी परीक्षा वेगळी आहे. तयार विमान घाईने स्वीकारायचे की त्रुटी दूर होईपर्यंत थांबायचे, हा निर्णय हवाई दलालाच घ्यायचा आहे. तुकड्या घटत असताना थांबणे महाग पडते. अपुरे तपासलेले विमान स्वीकारणे त्याहून महाग पडू शकते.