राजकन्येची गोष्ट मुलांच्या हातून काढून घेऊ नका

कथा, कविता, नाटक, कादंबरी ही साहित्यप्रकारांची यादी तुम्हाला तोंडपाठ असते. पण यातला 'कादंबरी' हा शब्द मुळात एका राजकन्येचं नाव आहे, हे किती जणांना माहीत आहे? सातव्या शतकात सम्राट हर्षवर्धनाच्या दरबारातल्या बाणभट्टाने 'कादंबरी' हा संस्कृत गद्यग्रंथ लिहायला घेतला. तो पुरा होण्याआधीच बाण गेला आणि उरलेला भाग त्याच्या मुलाने लिहिला. पुढे इंग्रजी 'नॉव्हेल'साठी मराठीत शब्द हवा होता, तेव्हा आपल्या लोकांनी याच राजकन्येचं नाव घेतलं. कन्नडमध्येही हाच शब्द चालतो.

आणि आज? मुलांच्या हातात राजपुत्र, राजकन्या, जादू, प्रेम असलं काही दिसलं की आपल्या कपाळाला आठ्या पडतात. 'हे काय वाचत बसलीस? काहीतरी उपयोगाचं वाच,' असं आपण शिक्षक आणि पालक सहज बोलून जातो. माझं मत मात्र वेगळं आहे. घरात आणि समाजात जो प्रश्न विचारायला परवानगी नसते, तो प्रश्न अशा गोष्टींनी जिवंत ठेवला. तो प्रश्न म्हणजे: मुलीच्या आयुष्याचा निर्णय कोण घेणार?

आधी बाणाची गोष्टच बघा. उज्जयिनीचा राजपुत्र चंद्रापीड किन्नरांच्या जोडीचा पाठलाग करत अच्छोद सरोवराजवळ पोहोचतो. तिथे त्याला महाश्वेता भेटते. तिचा प्रियकर पुंडरीक मरण पावलेला असतो आणि ती त्याच्या आठवणीत तप करत असते. तिची जिवलग मैत्रीण म्हणजे गंधर्वराजाची मुलगी कादंबरी. 'महाश्वेता दुःखात आहे तोवर मी लग्न करणार नाही,' असा कादंबरीचा निश्चय असतो. तिचे आईवडील काळजीत पडतात, पण बळजबरी करत नाहीत. ते कंचुकीच्या हाती निरोप पाठवून महाश्वेतेलाच विनवतात, की बाई, तूच तिची समजूत घाल!

पुढे शाप येतात, पुनर्जन्म येतात, बोलणारा पोपट येतो. शेवटी मेलेला चंद्रापीड कादंबरीच्या मिठीत जिवंत होतो. हे सगळं अद्भुत आहेच. पण मला विचाराल, तर त्यातली सगळ्यात अद्भुत गोष्ट म्हणजे मुलीच्या 'नाही'ला आईवडिलांनी दिलेला मान.

आता थेट एकोणिसाव्या शतकात येऊ. बाबा पदमनजींची 'यमुनापर्यटन' 1857 साली आली. तिचा विषय होता विधवांचे हाल. त्यानंतर मात्र बराच काळ अद्भुतरम्य कादंबऱ्यांचा होता. लक्ष्मण मोरेश्वर हळबे यांची 'मुक्तामाला' 1861 ची, तर नारो सदाशिव रिसबूड यांची 'मंजुघोषा' 1868 ची. या पुस्तकांना पुढच्या टीकाकारांनी खूप नावं ठेवली. कल्पनेचे पतंग, वास्तवापासून पळ, वगैरे वगैरे.

पण रिसबुडांनी प्रस्तावनेत याचं कारण स्वतःच सांगून ठेवलंय. त्यांच्या म्हणण्याचा आशय असा: आपल्या हिंदू लोकांच्या लग्नाच्या रीतीच अशा आहेत, की रोजच्या अनुभवाचं लिहिलं तर त्यात मन रमेल असं काही सापडत नाही. म्हणून मनोरंजक पुस्तक लिहायचं तर अद्भुताकडे वळावंच लागतं.

हे वाक्य नीट समजून घ्या बरं का. आठ-दहा वर्षांच्या मुलीचं लग्न लागत होतं. ती वयात येऊन, एखाद्या माणसाला ओळखून, 'हा मला आवडतो' म्हणणार कधी? मग अशी तरुण, लग्न न झालेली, लिहितावाचता येणारी, स्वतः निवड करणारी नायिका आणायची कुठून? ती मिळणार राजवाड्यात, स्वयंवरात, नाहीतर गंधर्वलोकात. लेखकाला राजकन्या लागली ती एवढ्यासाठी.

प्रत्यक्षात निवड करू पाहणाऱ्या मुलीचं काय होत होतं, तेही पाहा. रखमाबाईंचं लग्न वयाच्या अकराव्या वर्षी झालं होतं. मोठं झाल्यावर त्यांनी नवऱ्याकडे नांदायला जायला नकार दिला. 1884 मध्ये नवरा कोर्टात गेला. 1887 मध्ये मुंबई हायकोर्टाने सांगितलं: नांदायला जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात जा. रखमाबाई तुरुंगाला तयार झाल्या! पुढे 1888 मध्ये तडजोड झाली आणि त्या विलायतेत शिकून डॉक्टर झाल्या. त्या तडजोडीनंतर काही वर्षांतच हरिभाऊ आपट्यांची 'पण लक्षांत कोण घेतो?' आली आणि यमूचे भोग घरोघर वाचले गेले. हरिभाऊंनी दुखणं दाखवलं. त्याआधीच्या राजकन्यांच्या गोष्टींनी, भाबडेपणाने का होईना, दुखणं नसलेलं आयुष्य कसं असेल ते दाखवलं. मला दोन्ही लागतात.

या गोष्टींत दोष नाहीत का? आहेत की! नायिका नेहमी अप्रतिम सुंदर. गोष्ट लग्नाशी संपते, पुढचा संसार कोणी सांगत नाही. आणि निवडीचा हक्क मिळतो तोही मोठ्या घरच्या लेकीलाच. बाणाच्याच ग्रंथात पत्रलेखा आहे. तीही राजकन्याच, कुलूत देशाची. पण बाप लढाईत हरला, म्हणून ती बंदी होऊन आली आणि चंद्रापीडाला विडा देणारी सेविका झाली. तिला काय हवं होतं, हे कोणीच विचारत नाही. रवींद्रनाथ टागोरांनी काव्यातल्या उपेक्षित स्त्रियांवर लिहिताना या पत्रलेखेची आठवण काढली आहे.

म्हणूनच शिक्षकांना सांगणं आहे, की पुस्तक काढून घेण्याऐवजी वर्गात त्यावर बोला. यात निर्णय कोणी घेतला? कोणाला विचारलंच नाही? हीच गोष्ट दासीने सांगितली असती तर? एवढे तीन प्रश्न टाकून बघा, मुलं भरभरून बोलतील. निबंधाचा विषयही आयता मिळेल.

हा प्रश्न जुना झाला, असं समजू नका. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रात 20 ते 24 वयाच्या स्त्रियांपैकी सुमारे 22 टक्के जणींचं लग्न अठरा वर्षं पूर्ण होण्याआधीच झालं होतं. म्हणजे आपल्या वर्गातल्या एखाद्या मुलीला 'तुला काय वाटतं?' हे आजही घरी कोणी विचारत नसेल. तिला ते पहिल्यांदा एखाद्या राजकन्येच्या गोष्टीत भेटलं, तर भेटू द्या. निदान असा प्रश्न असतो, एवढं तरी तिला कळेल.