पडद्यामागची माणसे

आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढणारा मी पहिलाच. माझे वडील तरुणपणी जत्रेतल्या टुरिंग टॉकीजवर कामाला होते. मेखा ठोकायच्या, कनाती ताणायच्या, रात्री दारात तिकिटे फाडायची आणि जत्रा उठली की सारा तंबू ट्रकवर चढवायचा. गावोगावच्या लोकांना सिनेमा दाखवणाऱ्या या माणसाने त्या काळात एकही सिनेमा धड शेवटपर्यंत पाहिला नाही.

म्हणूनच चित्रपटव्यवसायावरील माहितीपट पाहताना मी विचारतो, यात आमची माणसे कोठे आहेत?

२०२४ साली सलीम-जावेद यांच्यावर ‘अँग्री यंग मेन’ ही माहितीपट-मालिका आली. पटकथालेखकाचे मोल तीत कळते, हे मी नाकारत नाही. परंतु तिची निर्मिती या दोघांच्या मुलांच्याच कंपन्यांनी केलेली. घरच्यांनी मांडलेल्या सत्कारात अडचणीचे प्रश्न कोण विचारणार?

याउलट शर्ली अब्राहम व अमित मधेशिया यांचा ‘द सिनेमा ट्रॅव्हलर्स’. महाराष्ट्रातील जत्रांत हिंडणाऱ्या तंबूंचे चित्रण ते सुमारे पाच वर्षे करीत होते. थकलेले प्रोजेक्टर, ते दुरुस्त करण्यात हयात घालवलेला कारागीर आणि रिळांना हद्दपार करणारे डिजिटल तंत्र, सारे त्यात आहे. २०१६ च्या कान महोत्सवात माहितीपट-पारितोषिकाच्या परीक्षकांनी त्याचा खास उल्लेख केला.

हे सारे डोक्यात घेऊन गेल्या दिवाळीत मी मोबाइल रोखून वडिलांसमोर बसलो. त्यांनी आधी सदरा बदलला. मग तंबूच्या गमती सांगितल्या. मी पगाराचे विचारले तेव्हा ते थांबले. शेवटच्या हंगामाचे पैसे मालकाने दिलेच नव्हते. “पण हे त्यात घालू नकोस,” ते म्हणाले, “त्याचे मीठ खाल्लेय आपण.”

मी गप्प झालो. ते वाक्य काढून टाकावे, तर मीही बापाचा सत्कारच मांडणार. ठेवावे, तर त्यांचा शब्द मोडतो. मोठ्यांच्या मुलांना नावे ठेवणे मला किती सोपे गेले होते!

माझे मत आता असे झाले आहे : माहितीपटाला कॅमेऱ्यापेक्षा सबुरी अधिक लागते. समोरच्या माणसाचे खरे लपवायचे नाही आणि त्याच्याकडून ते हिसकावूनही घ्यायचे नाही. तो स्वतः “घाल” म्हणेपर्यंत त्याच्याजवळ बसायचे. त्या दोघांना पाच वर्षे का लागली असतील, याचा थोडा अंदाज मला आला.

मित्रहो, आज कॅमेरा आपल्या खिशात आहे. बँडवाला, तमाशातला ढोलकीवाला, बंद पडलेल्या थिएटरचा डोअरकीपर आपल्याच गावात आहेत. त्यांच्याकडे जा, पण घाईने जाऊ नका.

वडिलांचे ते बोलणे मी अजून पुसलेले नाही. येत्या दिवाळीत पुन्हा विचारणार आहे.